गळती कुठे होते, ते दाखवणारा आलेख

क्षयरोगाच्या अहवालांत उपचार यशस्वी झाल्याची टक्केवारी ठळकपणे मांडली जाते. शंभरातले पंच्याऐंशीच्या आसपास रुग्ण उपचार पूर्ण करतात, हे वाचून समाधान वाटते. पण हे शंभर कोणते? ज्यांची उपचारासाठी नोंद झाली, ते. नोंदीआधीच जे गळाले, ते या हिशेबात नाहीतच.

‘प्लॉस मेडिसिन’ या नियतकालिकात २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने भारतातील २०१३ सालच्या रुग्णांचा हिशेब सुरुवातीपासून मांडला. अंदाजे २७ लाख रुग्णांमध्ये दर शंभरी ७२ जण सरकारी कार्यक्रमाच्या केंद्रांपर्यंत पोहोचले. ६० जणांचे निदान झाले, ५३ जणांची उपचारासाठी नोंद झाली, ४५ जणांनी उपचार पूर्ण केले. आजार न उलटता पुढचे वर्ष काढणारे उरले ३९.

हेच आकडे ‘वॉटरफॉल चार्ट’मध्ये, म्हणजे धबधब्यासारख्या उतरत्या आलेखात मांडून पाहावेत. डावीकडे १०० चा पूर्ण स्तंभ. पुढे २८, १२, ७, ८ आणि ६ असे अधांतरी तुकडे. आधीचा जिथे संपतो तिथून पुढचा सुरू होतो. शेवटी ३९ चा स्तंभ. साध्या स्तंभालेखात किती उरले ते दिसते. इथे कुठे किती गेले, ते डोळ्यांत भरते. सर्वांत मोठी घसरण पहिलीच आहे: केंद्रापर्यंत न आलेल्यांची. त्यातल्या काहींनी खासगी उपचार घेतलेही असतील. पण त्यांचे पुढे काय झाले, ते या हिशेबात येत नाही.

धोरणासाठी हा फरक महत्त्वाचा आहे. २०१८ पासूनची निक्षय पोषण योजना गरजेचीच. पण तिची मदत नोंद झालेल्या रुग्णालाच मिळते. आधीच्या तीन पायऱ्यांवर गेलेल्या ४७ जणांसाठी घरोघरी शोध, जवळ तपासणीची सोय आणि निदानानंतर पाठपुरावा हवा.

या आलेखालाही मर्यादा आहेत. २७ लाख हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. ते आलेखाखाली लिहिलेच पाहिजे. उभा अक्ष शून्यापासून सुरू झाला नाही, तर घसरण भलतीच मोठी भासते. तरीही प्रत्येक जिल्ह्याच्या आरोग्य अहवालात यशाच्या एका टक्केवारीशेजारी हा आलेख छापला जावा. बरे झालेल्यांबरोबर वाटेत सुटलेल्यांचाही हिशेब देणे, ही आरोग्य यंत्रणेची जबाबदारी आहे.