हा बूट दारात काढायचा नाही

पावसाळ्यात शेवाळलेले अंगण आणि ओल्या पायऱ्या यांच्यामुळे दर वर्षी कुणाचा ना कुणाचा पाय मुरगळतोच. मग घरात लगेच हळदीचा लेप गरम होतो, कुणीतरी पाय चोळायला बसते. पण घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या टोकदार हाडाच्या मागच्या बाजूला दाबल्यावर कळ येत असेल, करंगळीच्या बाजूने पावलाच्या मधोमध दुखत असेल किंवा चार पावलेही टाकता येत नसतील, तर चोळणे थांबवावे आणि एक्स-रे काढून घ्यावा. घोटा आत वळला की पावलाच्या बाहेरच्या कडेचे लांब हाड मोडणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे.

अशा दुखापतीत पूर्वी सरसकट प्लास्टर घालत. आता हाड जागेवर असेल तर बरेच डॉक्टर वॉकिंग बूट लिहून देतात. दोन्ही बाजूंना कडक पट्ट्या, आत मऊ अस्तर, वर वेल्क्रोचे पट्टे आणि खाली किंचित गोलाकार तळ असलेला हा बूट असतो. घोटा हलू न देता पाऊल पुढे टाकता यावे, म्हणून तळ गोल ठेवलेला असतो. आपले काम इतकेच, की दुकानात जाताना चिठ्ठी सोबत न्यावी आणि तीच मागणी करावी. घोट्याचे किंवा नडगीच्या खालच्या भागाचे हाड मोडले असेल किंवा टाचेमागची शीर तुटली असेल, तर गुडघ्याखालपर्यंत येणारा उंच बूट लागतो. बोटांच्या आणि पंजाच्या दुखापतीला कित्येकदा आखूड बूट पुरतो. स्वस्त मिळतो म्हणून उंचाऐवजी आखूड घेऊ नये.

माप चपलेच्या नंबरावरून घेतात. पण सूज असेल तर बसून, पाय आत घालून बघावे. टाच मागे पूर्ण टेकली पाहिजे आणि बोटे पुढच्या कडेबाहेर येता कामा नयेत. बहुतेक बूट डाव्या-उजव्या दोन्ही पायांना चालतात, म्हणून शेजारच्या घरातून मागून आणलेला बूटही चालतो. मात्र त्याचा तळ झिजलेला नको, वेल्क्रो पकडणारा हवा आणि अस्तर धुऊन वाळवलेले हवे.

घालताना खुर्चीवर बसावे. आधी पोटरीपर्यंत येणारा, शिवण न टोचणारा सुती मोजा घालावा. टाच मागे सरकवून घोटा काटकोनात ठेवावा, अस्तर नीट मिटवावे आणि पट्टे पंजाकडून वर आवळत जावे. पट्ट्याखाली एक बोट जाईल इतकी ढील असावी. हवा भरण्याची सोय असेल, तर पाय आत हलणार नाही इतकीच हवा भरावी. बोटांना मुंग्या आल्या, ती निळसर किंवा गार पडली, तर लगेच सैल करावे. संध्याकाळी सूज वाढते, तेव्हा पट्टे पुन्हा लावून पाहावेत.

इथपर्यंत सारे ठीक होते. खरी अडचण येते ती घराच्या उंबरठ्यावर. चपला दारात काढण्याची आपली सवय चांगलीच आहे, पण घरातली बाई हा बूटही दारातच काढते आणि स्वयंपाकघर, मोरी, गच्ची अशी दिवसभराची फिरती उघड्या पायाने करते. मग बूट फक्त दवाखान्यात जाण्यापुरता उरतो. एका शिक्षिका भगिनीचे हाड याच कारणाने जुळायला रेंगाळले. भगिनींनो, हा बूट म्हणजे चप्पल नव्हे, प्लास्टरच आहे. दाराशी ओले फडके ठेवावे, तळ पुसावा आणि तसेच आत यावे. सासूबाईंना किंवा दादींना हे घरातल्या मोठ्यांनी समजावून सांगावे, म्हणजे सुनेला संकोच वाटणार नाही.

बुटामुळे एक पाय उंच होतो आणि कंबर दुखू लागते. म्हणून दुसऱ्या पायात घरातही जाड तळाची चप्पल घालावी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा पाय टाकावा. सलवारची मोहरी किंवा बुरख्याचा घेर पट्ट्यात अडकून पडायला होते, तेव्हा तो थोडा आखूड करून घ्यावा. बूट घालून स्कूटर किंवा गाडी चालवू नये. उकिडवे बसावे लागू नये म्हणून संडासात कमोडची खुर्ची ठेवावी.

नमाज खुर्चीवर बसून पढावी. कायद्यात पाऊल दुमडून बसल्याने घोट्यावर नेमका नको तो ताण येतो. वुजूसाठी बूट काढायला डॉक्टरांनी परवानगी दिली असेल, तर बसूनच काढावा, पाय धुऊन बोटांच्या बेचक्यांसह कोरडा करावा आणि पुन्हा घालूनच उठावे. परवानगी नसेल तर पट्टीवर मसह करण्याची सवलत आहे. आपल्या बाबतीत ती कशी लागू होते, हे इमामसाहेबांना विचारून घ्यावे.

मधुमेह असलेल्या अम्मी-अब्बूंची काळजी अधिक घ्यावी लागते. पायाची जाणीव कमी झालेली असेल तर बूट घासून जखम झालेली त्यांना कळतही नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज एकदा बूट काढून टाच, घोटा आणि तळवा घरातल्या कुणीतरी उजेडात पाहावा. लाल डाग दिसला तरी दवाखाना गाठावा. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. धाप लागली किंवा छातीत दुखले तर मात्र क्षणभरही न थांबता मोठ्या रुग्णालयात न्यावे, कारण पायात झालेली रक्ताची गुठळी फुफ्फुसात जाऊ शकते.

रात्री बूट काढायचा की नाही, पायावर किती भार द्यायचा, हे दुखापतीप्रमाणे ठरते. टाचेमागची शीर तुटली असेल तर झोपतानाही तो बहुधा घालावाच लागतो. हाड जुळायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात. दुखणे मात्र त्याआधीच थांबते आणि नेमका तेव्हाच बूट पलंगाखाली जातो. डॉक्टरांनी सांगितल्यावर तो हळूहळू, रोज थोडा थोडा वेळ कमी करत सोडावा आणि घोट्याचे व्यायाम करावेत. तोपर्यंत पाणी भरणे, बाजार करणे आणि मुलांना शाळेत सोडणे ही कामे घरातल्या इतरांनी वाटून घ्यावीत. ती वाटली गेली नाहीत, तर कितीही चांगला बूट आणला तरी घरची बाई तो काढून कामाला उभी राहीलच.