शून्य डागांची डिस्क

ओळखीच्या एका फोटोग्राफरची हार्ड डिस्क या आठवड्यात ‘दुरुस्त’ होऊन आली. दुकानदाराने पूर्ण फॉरमॅट मारला, ‘सगळे बॅड सेक्टर काढले’ म्हणून छातीठोकपणे सांगितलं, पैसे घेतले आणि स्क्रीनवरची हिरवी टिक दाखवली. आला हा पुन्हा हिरव्या टिकेवर, असं जुने वाचक म्हणतील. आलोच.

त्याने ‘काढले’ ते ‘पेंडिंग’ सेक्टर. पेंडिंग म्हणजे डिस्कला वाचता न आलेला सेक्टर. आत काय होतं हेच ठाऊक नसल्यामुळे ती तो परस्पर बदलत नाही; तिथे नव्याने काही लिहिलं जाईपर्यंत थांबते. फॉरमॅटने सगळीकडे शून्यं लिहिली की थांबायचं कारणच उरत नाही. लिहिणं जमलं तर जागा तशीच वापरात, नाही जमलं तर राखीव साठ्यातला सेक्टर तिच्या जागी. पेंडिंगचा आकडा शून्य. लग्नाचे फोटोही शून्य. मी फोटोग्राफरला ‘स्मार्ट’मधली, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीतली, ०५ क्रमांकाची ओळ बघायला लावली, बदललेल्या सेक्टरांची. तिथे ६८ होतं. तेही हेक्समध्ये, म्हणजे खरे १०४.

आता ऐंशीच्या दशकातली सीगेटची एसटी-२२५ आठवा. क्षमता २० एमबी, आणि झाकणावर चिकटवलेली यादी: कुठल्या सिलिंडरवर, कुठल्या हेडखाली जागा खराब आहे त्याची. कोरी करकरीत डिस्क विकतानाच कंपनी सांगायची, हिच्यात इथे इथे खोट आहे. डॉसच्या डीबगमध्ये जी=सी८००:५ टाइप करून कंट्रोलर कार्डाचा मेन्यू उघडायचा आणि यादी बघून एकेक आकडा भरायचा. एक जरी चुकला तरी पुढे महिनोन्‌महिने कपाळाला हात. पुढे आयडीईत कंट्रोलर डिस्कच्याच पाठीवर बसला आणि यादीही आत गेली: कारखान्यातली ‘पी-लिस्ट’, वापरात वाढत जाणारी ‘जी-लिस्ट’. टेराबाइटच्या डिस्कची यादी झाकणावर मावली नसती, कबूल. पण खोट नजरेआड झाली आणि गिऱ्हाईक बिनडाग डिस्क मागू लागलं. मागणी तसा पुरवठा. दुकानदाराला तरी किती बोल लावायचा?

बरं, स्मार्टचे हे आकडे काही शोभेचे नाहीत. गुगलने २००७ मध्ये आपल्याकडच्या लाखाहून जास्त डिस्कांचा हिशेब मांडला. पहिली स्कॅन एरर आलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता, तशी एरर न आलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली. उलट बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कांनी स्मार्टच्या चार ठळक आकड्यांत काहीच दाखवलं नव्हतं. तेव्हा टिक हिरवी असली तरी बॅकअप हवाच, आणि पिवळी झाली तर आज रात्रीच.

पण आपला राष्ट्रीय उपचार ठरलेला: विंडोजचं चेकडिस्क स्लॅश आर. अखेरचे श्वास मोजणाऱ्या डिस्कला तो कानाकोपरा वाचायला लावतो, खराब क्लस्टरांची एनटीएफएसकडे नोंद करतो. करू दे, पण प्रत निघाल्यावर. आधी डीडीरेस्क्यू हे प्रत काढणारं टूल लावा. ते सहज निघतं तेवढं पहिल्यांदा उचलतं, अडलेल्या जागा मॅप फाइलमध्ये टिपतं आणि मग तिकडे वळतं. मध्येच वीज गेली तरी त्या फाइलवरून पुढे चालू करता येतं. प्रत उतरवायला मात्र मूळ डिस्कपेक्षा मोठी आणि नवी डिस्क घ्या. स्वस्तात मिळते म्हणून ‘रिफर्बिश्ड’ उचलू नका. तिच्यावरही बहुधा शून्यच डाग असतील.