कलादालनाचे दार उघडे हवे

औरंगपुरा हा छत्रपती संभाजीनगरातील विद्येचा भाग समजला जातो. १९१५ साली स्थापन झालेल्या सरस्वती भुवन संस्थेचे आवार, जिल्हा परिषदेचे कार्यालय आणि क्रमिक पुस्तकांची दुकाने यांमुळे शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांची येथे बारमाही वर्दळ असते. निजामी राजवटीत राज्यकारभाराची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू असताना मराठी शाळांनी आणि वाचनालयांनी मराठवाड्याला वाचनाची सवय लावली. त्या सवयीतूनच पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाला कार्यकर्ते मिळाले. वाचायला शिकलेल्या या शहराला आता पाहायला शिकविण्याची गरज आहे, आणि ते काम करू शकणारी जागा येथून फार दूर नाही. गुलमंडी आणि सिटी चौक मागे टाकून किल्ले अर्काकडे जाणाऱ्या वाटेवर ती आहे. १९७१ साली सुरू झालेले शासनाचे चित्रकला महाविद्यालय या किल्ल्याच्या परिसरात वाढले. त्याखेरीज वास्तुकलेचे शिक्षण देणाऱ्या संस्थाही शहरात आहेत. या संस्थांची कलादालने लहान आहेत, साधने तुटपुंजी आहेत. परंतु त्यांच्या भिंतींवर जे लागते त्याचे मोल शहराने अद्याप ओळखलेले नाही.

अशा महाविद्यालयांच्या वार्षिक प्रदर्शनांचा क्रम सर्वत्र ठरलेला असतो. वर्षभरातील स्थिरचित्रे, व्यक्तिचित्रे, जाहिरातींची कल्पनाचित्रे, मातीची शिल्पे, इमारतींच्या लहान प्रतिकृती आणि जुन्या वास्तूंचे मोजून काढलेले आराखडे मांडले जातात. पाहुणे येतात, फीत कापली जाते, बक्षिसे वाटली जातात, दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत छायाचित्र येते. चार दिवसांनी भिंतीवरचे खिळे निघतात आणि प्रदर्शन संपते. चित्रे विद्यार्थ्यांच्या घरी जातात. आराखड्यांना गुण मिळाले की त्यांच्या गुंडाळ्या माळ्यावर पडतात. परीक्षेपुरते केलेले काम परीक्षेबरोबर संपले, असे मानण्याची ही रीत आहे. ही रीत चुकीची आहे आणि ती का चुकीची आहे, याचा सर्वांत मोठा पुरावा याच जिल्ह्यात आहे. तो म्हणजे अजिंठा.

१८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस अजिंठ्याची लेणी पडली. तेथील भित्तिचित्रे झडत चालली आहेत हे ध्यानात आल्यावर १८४४ मध्ये मद्रास लष्करातील रॉबर्ट गिल याला त्यांच्या प्रती काढण्यासाठी नेमण्यात आले. कॅप्टन गिलने आयुष्याची उमेदीची वर्षे त्या दरीत घालविली. त्याच्या प्रती इंग्लंडला गेल्या, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडण्यात आल्या आणि १८६६ च्या आगीत त्यांतील बहुतेक जळून गेल्या. सर्व काम पुन्हा आरंभापासून करणे भाग पडले. ते कोणी केले? १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेने. तेथील जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या वाऱ्या केल्या. पुढे नामवंत झालेले पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकीच एक. लेण्यांतील अपुऱ्या उजेडात उभे राहून या मुलांनी शेकडो चित्रांच्या प्रती तयार केल्या. त्याही साऊथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात पाठविण्यात आल्या आणि १८८५ मध्ये तेथे लागलेल्या आगीत त्यांतील शंभरावर प्रती नष्ट झाल्या. उरलेल्या कामाच्या आधारे १८९६ साली ग्रिफिथ्स यांचा अजिंठ्यावरील ग्रंथ प्रसिद्ध होऊ लागला.

या इतिहासातून दोन गोष्टी निर्विवादपणे निघतात. पहिली अशी की, ‘विद्यार्थ्यांचे काम’ म्हणून ज्याकडे दुर्लक्ष केले जाते, तेच पुढे एखाद्या वारशाची उरलेली साक्ष ठरू शकते. अजिंठ्यातील काही चित्रांचे रंग आणि रेषा मूळ भिंतीवरून पुसट झाल्या. त्या शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कशा दिसत होत्या हे सांगण्यास आज त्या प्रतीच उपयोगी पडतात. दुसरी गोष्ट अशी की, जिथली वस्तू तिथे तिची एक प्रत राहिलीच पाहिजे. सगळी संपत्ती एकाच दूरच्या घरात ठेवली की एका आगीत सगळेच जाते. वीस वर्षांच्या आत दोनदा तेच घडले. पुढे १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम अजिंठ्यास आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर नंदलाल बोस, असितकुमार हालदार यांच्यासारखे कलकत्त्याचे तरुण चित्रकार होते, तसेच हैदराबादहून आलेले सय्यद अहमदही होते. नंदलालांच्या पुढील कलेवर त्या मुक्कामाची छाप राहिली; सय्यद अहमद पुढे अजिंठ्याचेच रक्षक झाले. प्रत काढणे हे कारकुनी काम नव्हे. प्रत काढणारा हात त्या वस्तूशी जन्माचा बांधला जातो.

जी गोष्ट चित्रांची तीच वास्तूंची. बीबी का मकबरा म्हटला की ‘ताजमहालाची नक्कल’ एवढे बोलून पुढे जाण्याची रीत पडून गेली आहे. परंतु वास्तुकलेचा विद्यार्थी फीत घेऊन मकबऱ्यापाशी उभा राहतो तेव्हा त्याला वेगळी वास्तू दिसते. तळाच्या पट्टीपर्यंत संगमरवर, तिथून घुमटाच्या बैठकीपर्यंत येथलाच काळा पाषाण आणि त्यावर चुन्याचा नाजूक गिलावा, आणि घुमट पुन्हा संगमरवरी, अशी तिची रचना आहे. संगमरवर दूरवरून आणावा लागत होता, काळा दगड मात्र दाराशी होता. हाताशी असलेल्या साधनांतून भव्यता कशी उभी करावी, हा प्रश्न दख्खनच्या कारागिरांनी आपल्या रीतीने सोडविला. प्रवेशद्वारावर वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय यांची नावे कोरलेली आहेत. ताजमहालाचे शिल्पकार मानल्या जाणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरी यांचे अताउल्ला हे पुत्र. रोज शेकडो पर्यटक त्या नावांखालून जातात. ती वाचणारे थोडे. एका स्वच्छ आराखड्याने आणि चार ओळींच्या मराठी टिपणाने ‘नक्कल’ या शब्दाची धार बोथट होऊ शकते.

नहर-ए-अंबरीचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात शहरासाठी केलेली ही पाण्याची योजना बव्हंशी जमिनीखाली आहे. डोंगराकडील झिरपे एकत्र करून उताराच्या बळावर ते पाणी बंदिस्त मार्गाने वस्तीपर्यंत आणण्याची करामत त्यात आहे. डोळ्यांना तिचा फारसा भाग दिसत नाही. म्हणून तिच्यावरून रस्ते गेले, घरे उठली, तरी कोणाला चुटपुट लागली नाही. अशी वास्तू लोकांना दाखविण्याचा एकच उपाय असतो, तो म्हणजे तिचा उभा छेद कागदावर काढून भिंतीवर लावणे. उन्हाळ्यात पाण्यासाठी दिवस मोजणाऱ्या शहराने हा छेद पाहिला तर तो केवळ इतिहासाचा धडा राहणार नाही.

बावन्न दरवाजांचे शहर ही या नगरीची जुनी ख्याती. १६१२ चा भडकल दरवाजा, मकबऱ्याच्या वाटेवरचा मक्का दरवाजा, औरंगपुऱ्याच्या शेजारचा पैठण दरवाजा असे काही उभे आहेत. बहुतेक नाहीसे झाले. काही काळाच्या ओघात पडले, काही वाहतुकीला अडथळा म्हणून पाडले गेले. नाहीशा झालेल्या एखाद्या दरवाजाची उंची किती होती, कमानीचा घाट कोणता होता, असे शाळेतील मुलाने विचारले तर शिक्षकाने कोणत्या दालनाकडे बोट दाखवावे? जे दरवाजे उभे आहेत त्यांच्याबाबतीत तरी हा प्रश्न पुढल्या पिढीवर येऊ नये.

हा विचार भाबडा आहे, असे ज्यांना वाटेल त्यांनी पॅरिसकडे पाहावे. २०१९ च्या एप्रिलमध्ये तेथील नोत्र दाम या प्राचीन चर्चचे छत आगीत जळून कोसळले. पुनर्बांधणी करताना ज्या नोंदी हाती होत्या त्यांत अँड्र्यू टॅलन यांनी २०१० च्या सुमारास लेसर किरणांच्या साहाय्याने घेतलेल्या मोजमापांचा समावेश होता. टॅलन हे कोणी सरकारी अधिकारी नव्हते. अमेरिकेतील व्हासार या लहानशा महाविद्यालयात ते कलेतिहास शिकवीत असत. आग लागली तेव्हा ते हयातही नव्हते. परंतु त्यांची मोजमापे होती. २०२४ च्या डिसेंबरमध्ये ती वास्तू पुन्हा खुली झाली. लहान महाविद्यालयातील एका अध्यापकाचे काम एका राष्ट्राच्या कामी आले, ते मुख्यतः जपून ठेवले गेले म्हणून.

महाविद्यालयांच्या अडचणी खोट्या आहेत असे कोणी म्हणणार नाही. शासकीय कलाशिक्षणात रिकाम्या पदांची तक्रार जुनी आहे, जुन्या इमारतींना पावसाळ्यात ओल येते, दालन राखायला माणूस नसतो. बाहेरच्यांची ये-जा वाढली तर अध्यापनात व्यत्यय येईल, ही भीतीही समजण्यासारखी आहे. ‘लोक येतच नाहीत, मग दार उघडे ठेवायचे कोणासाठी?’ हा आक्षेप तर नेहमीचाच. परंतु लोक का येत नाहीत, याचाही विचार झाला पाहिजे. प्रदर्शन सकाळी अकरा ते पाच उघडे असते, आणि नेमक्या त्याच वेळात कारकून कचेरीत, शिक्षक वर्गावर आणि विद्यार्थी तासाला असतो. चित्राखाली चित्रकाराचे नाव आणि इयत्ता यापलीकडे काही लिहिलेले नसते, तेही पुष्कळदा इंग्रजीत. ज्याला आत गेल्यावर काही समजत नाही, तो दुसऱ्यांदा जात नाही. हा दोष पाहणाऱ्याचा नाही.

म्हणून मोठ्या अनुदानाची वाट न पाहता करता येण्यासारख्या काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. प्रदर्शन चार दिवसांऐवजी निदान महिनाभर राहावे, आणि संध्याकाळी पाच ते आठ व रविवारी ते सर्वांना खुले असावे. प्रत्येक आराखड्याखाली वास्तूचे नाव, काळ, बांधकामाचे साहित्य आणि मोजमाप केल्याची तारीख मराठीत, आणि या शहराची जुनी ओळख लक्षात घेता उर्दूतही, लिहावी. विद्यार्थ्याने मोजलेल्या प्रत्येक वास्तूची एक प्रत क्रमांक घालून महाविद्यालयात राहावी व दुसरी महापालिकेच्या किंवा पुरातत्त्व खात्याच्या दप्तरी जावी. कागदाची छायाप्रत आणि संगणकावरील नोंद यांना आता फार खर्च येत नाही. वर्ष संपल्यावर निवडक चित्रे व आराखडे जिल्हा परिषदेच्या शाळांतून फिरवावेत. रेखाकला परीक्षेला बसणारी आणि त्या गुणांवर दहावीच्या निकालात भर पडण्याची आशा धरणारी मुले तालुक्या-तालुक्यांत आहेत. त्यांतील अनेकांनी भिंतीवर मांडलेले मूळ चित्र कधी पाहिलेले नसते.

यात शिक्षकांचा वाटा मोठा आहे. सहलीत मुलांना अजिंठा-वेरूळ दाखविले जाते. परंतु सहलीला निघण्यापूर्वी एक तास कलादालनात घालविला तर लेण्यासमोर उभे राहिल्यावर मुलांना खांब, कमान आणि तुळई यांतला फरक सांगता येईल. पाहिलेले आणि समजून पाहिलेले यांत वाचता येणे आणि न येणे यांइतकेच अंतर असते.

गिलच्या आणि ग्रिफिथ्सच्या प्रती जळाल्या तेव्हा त्या परमुलखात होत्या, आणि त्या तेथे नेण्याचा निर्णय परक्या सत्तेचा होता. मराठवाड्याला त्याबद्दल दोष देता येत नाही. परंतु येथील मुलांनी येथील वास्तू मोजून काढलेले कागद येथल्याच माळ्यावर वाळवीने खाल्ले, तर तो दोष दुसऱ्या कोणावर टाकता येणार नाही. पुढील वार्षिक प्रदर्शनाची फीत कापली जाईल, त्या दिवशी पाहुण्यांच्या भाषणानंतर एक साधा प्रश्न जाहीरपणे विचारला जावा: गेल्या वर्षीचे आराखडे कोठे आहेत? या प्रश्नाला कपाटाचा क्रमांक सांगून उत्तर देता आले, तर त्या लहानशा दालनाने आपले काम केले असे म्हणता येईल.