तपासणी आपल्यांची, निकष परक्यांचे

तृतीयपंथीयांच्या आरोग्याचा विषय निघाला की आपल्या व्यवस्थेला एकच रोग आठवतो – एड्स. परकीय निधीवर चालणारे प्रकल्प आणि चर्चासत्रे वर्षानुवर्षे त्याभोवतीच फिरत राहिली. ते काम आवश्यक होतेच. पण किन्नराचे शरीर म्हणजे केवळ संसर्गाची वाट आहे काय? १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यान्वये इंग्रजांनी या समाजाची नोंदवही उघडली, त्याच नजरेची ही सुधारलेली आवृत्ती म्हणावी लागेल.

जन्मजात स्त्रीच्या योनिमार्गात बहुधा लॅक्टोबॅसिलस जिवाणूंचे प्राबल्य असते. त्यांच्या आम्लामुळे रोगजंतूंना आळा बसतो. शस्त्रक्रियेने त्वचेपासून घडविलेल्या योनिमार्गातील सूक्ष्मजीवसृष्टी निराळी असते, हे बेल्जियममधील गेंट येथील संशोधकांनी २००९ मध्ये ५० जणींचे नमुने तपासून दाखविले. म्हणजे जे लक्षण एकीत रोगाचे, ते दुसरीत स्वाभाविक असू शकते. हे ज्याला ठाऊक नाही, तो डॉक्टर अंदाजानेच प्रतिजैविके लिहून देणार.

तथापि गेंटचे निष्कर्ष जसेच्या तसे येथे आणून भागणार नाही. आपल्याकडील अनेक किन्नरांनी ‘निर्वाण’ घेतलेले असते. त्यात अवयव काढून टाकला जातो. योनिमार्ग घडविला जात नाही. त्यांचे दुखणे मूत्रमार्ग आकसण्याचे, लघवी अडण्याचे, पुनःपुन्हा उद्भवणाऱ्या संसर्गाचे. युरोपातील प्रश्नावलीत ते कोठून येणार? ते डेऱ्यातील गुरूला माहीत असते, कारण चेला परक्याजवळ तोंड उघडत नाही. म्हणूनच काय शोधायचे, हे ठरविण्यापासून हा समाज संशोधनाच्या अग्रभागी हवा. नमुने देण्यापुरते बोलावणे याला सहभाग म्हणत नाहीत.

२०१९च्या तृतीयपंथीय हक्क संरक्षण कायद्याच्या १५व्या कलमाने वैद्यकीय अभ्यासक्रम व संशोधन यांच्या फेरआढाव्याची जबाबदारी शासनावर टाकली. २०२२ मध्ये आयुष्मान भारतअंतर्गत वर्षाला ५ लाख रुपयांचे विमाछत्रही जाहीर झाले. छत्र ठीक, त्याखालचे उपचार कोणत्या ज्ञानावर?

पुरोगामी मंडळींना मिरवणुकींचे फलक रंगविण्यातून सवड नाही, हे समजू शकते. परंतु २०१६च्या उज्जैन सिंहस्थात किन्नर आखाड्यापुढे आशीर्वादासाठी हात जोडणाऱ्या हिंदू समाजाचे काय? या बांधवांना समाजात त्यांचे स्थान मिळावे, असे सरसंघचालक मोहनजी भागवत यांनी जानेवारी २०२३ मधील मुलाखतीत सांगितले. सेवाभावी रुग्णालये चालविणाऱ्या कार्यकर्त्यांनी आता आपल्याच बाह्यरुग्ण विभागाची नोंदवही काढून पाहावी. वर्षभरात किती किन्नर रुग्ण आले? त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठविले, मूत्रविकारतज्ज्ञाकडे, की दारातूनच परत?