टी-शर्टचा पासपोर्ट

आत्ता अंगात जो टी-शर्ट आहे त्याची कॉलर उलटी करा आणि लेबल वाचा. साइझ, '१०० टक्के कॉटन', गार पाण्यात धुवा, मेड इन इंडिया. संपलं. कापूस कुठला, सूत कुठे कातलं, रंग कुठल्या युनिटमध्ये चढला, त्याचं सांडपाणी कुठे गेलं, शिवणाऱ्याच्या हातात किती पडले, यातलं काहीच तिथे नाही. आणि बऱ्याचदा हे ब्रँडलाही माहीत नसतं बरं का!

हे किती महागात पडतं ते २४ एप्रिल २०१३ ला जगाला कळलं. ढाक्याजवळच्या सावारमध्ये राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि ११०० हून जास्त माणसं गेली. आत कपड्यांचे पाच कारखाने होते. तिथे नेमकं कुणाचं काम चालायचं, हे सिद्ध करायला कार्यकर्त्यांना ढिगाऱ्यातून लेबलं आणि ऑर्डरचे कागद शोधावे लागले. ब्रँड एका कारखान्याला ऑर्डर देतो, तो दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला. शेवटच्या शिलाई मशीनपर्यंत पोचेपर्यंत मूळ मालकाचं नावच पुसलं जातं.

युरोपने यावर डिजिटल उपाय काढलाय. जुलै २०२४ मध्ये तिथे इकोडिझाइनचा नवा कायदा लागू झाला. त्यातली मुख्य कल्पना म्हणजे 'डिजिटल प्रॉडक्ट पासपोर्ट'. वस्तूवर क्यूआर कोडसारखं काहीतरी असेल, ते स्कॅन केलं की ती कशापासून बनली, किती टिकेल, दुरुस्त होईल का, रिसायकल कशी करायची, हे कळायला हवं. हा पासपोर्ट ज्या वस्तूंना आधी लागू करायचा, त्या यादीत कपडे वरच्या नंबरावर आहेत.

युरोपचा कायदा, आपला काय संबंध? अहो, आपल्या तयार कपड्यांच्या मोठ्या गिऱ्हाइकांत युरोप आहे. पासपोर्ट दिसणार तिकडे, पण त्यातली माहिती भरली जाणार इकडे, तिरुप्पूरच्या निटिंग युनिटमध्ये आणि विदर्भातल्या जिनिंगमध्ये. तिरुप्पूरचंच बघा. नोय्यल नदी प्रदूषित केल्याबद्दल मद्रास हायकोर्टाने २०११ मध्ये तिथली डाईंग युनिट्स बंद करायला लावली. रंगाचं पाणी शुद्ध करून पुन्हा वापरायची, थेंबही नदीत न सोडायची यंत्रणा त्यांना उभारावी लागली, आणि ती चालवणं स्वस्त नाही. आज दुकानात हा टी-शर्ट आणि कुठेतरी नदीत रंग सोडून बनवलेला टी-शर्ट शेजारी ठेवले, तर तुम्हाला-मला फरक कळेल का? शक्यच नाही. पासपोर्टमुळे तो दिसू शकतो, आणि मला ही कल्पना आवडते ती याचमुळे.

पण क्यूआर कोड दिसला की लगेच विश्वास ठेवायचा, असं करू नका. सेंद्रिय कापडाला 'गॉट्स' नावाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. २०२० मध्ये याच संस्थेने जाहीर केलं, की भारतातून आलेला सुमारे २० हजार टन 'सेंद्रिय' कापूस बनावट कागदांवर खपवला गेला. त्या कागदांवर क्यूआर कोड होते. स्कॅन केलं की सरकारी साइट उघडायची, फक्त ती साइटही नकली होती! कोड व्यवस्थित चालत होता, खोटी होती ती त्यामागची माहिती.

आणि दरवेळी लबाडीच लागते असंही नाही. एच अँड एम आपल्या साइटवर कपड्यांची पर्यावरण-गुणपत्रिका दाखवायचं. जून २०२२ मध्ये 'क्वार्ट्झ' या अमेरिकी न्यूज साइटने ती तपासली. एका ड्रेसला २० टक्के कमी पाणी लागलं असं तिथे लिहिलं होतं, मूळ आकडा मात्र २० टक्के जास्त असा होता. उणे चिन्ह वाचलंच गेलं नव्हतं. नंतर ही गुणपत्रिका काढून टाकली गेली. आयटी शिकणाऱ्या मंडळींनी हे प्रकरण जरूर वाचावं, एका मायनसची किंमत कळते.

म्हणून खरा प्रश्न असा, की माहिती भरतो कोण आणि तपासतो कोण? आपल्याकडे 'कस्तुरी कॉटन' ही योजना आहे. तिच्यात कापसाच्या गाठीवर जिनिंगमध्येच क्यूआर टॅग लागतो आणि पुढची नोंद ब्लॉकचेनवर राहते, म्हणजे मागाहून गुपचूप बदलता येत नाही. सुरुवात चांगली आहे. पण इचलकरंजी किंवा मालेगावात चार-सहा लूमवर मजुरीने कापड विणून देणाऱ्याचा सगळा हिशोब वहीत असतो. त्याने पाणी, वीज, केमिकल, सगळ्याची डिजिटल नोंद ठेवायची तर माणूस हवा, सॉफ्टवेअर हवं. त्याचे पैसे ब्रँड देणार, की मीटरमागचा मजुरीचा दर तोच ठेवून वर हेही काम त्याच्याच माथी मारणार? मला दुसऱ्याची भीती जास्त वाटते.

आता बनून पडून राहणाऱ्या कपड्यांकडे या. २०१८ मध्ये बातमी आली, की बर्बेरीने एका वर्षात २ कोटी ८६ लाख पौंडांचा न विकलेला माल नष्ट केला. का, तर स्वस्तात विकला की ब्रँडचा भाव उतरतो. ओरड झाल्यावर कंपनीने ते थांबवलं. युरोपच्या नव्या कायद्यात मोठ्या कंपन्यांना न विकलेले कपडे आणि बूट नष्ट करायला बंदी आहे, १९ जुलै २०२६ पासून. इथे टेक्नॉलॉजी खरंच कामाची आहे. थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये ड्रेस शिवून पडद्यावरच्या मॉडेलला घालून बघता येतो, त्यामुळे कापडाची सॅम्पलं कमी लागतात. विक्रीचा डेटा रोज बघितला तर लागेल तेवढंच शिवता येतं.

हे सगळ्यात सफाईने कोण करतं माहितेय? शीइन. २०२० मध्ये आपल्याकडे बंदी आलेलं आणि २०२५ मध्ये रिलायन्सचं बोट धरून परतलेलं तेच ते शीइन. ते म्हणतात, आम्ही एका डिझाइनचे आधी फक्त १००-२०० नग काढतो, चाललं तरच पुढे. कागदावर एकदम सस्टेनेबल! पण अशी डिझाइन्स रोज हजारोंनी येतात. कंपनीच्याच अहवालाप्रमाणे २०२३ मधलं तिचं कार्बन उत्सर्जन १ कोटी ६७ लाख टन होतं, आदल्या वर्षीपेक्षा कितीतरी जास्त. दर डिझाइनमागे वाया जाणारं कमी झालं, पण एकूण कपडे वाढले. तेच टूल, हेतू वेगळा. त्यामुळे एखादा ब्रँड 'आम्ही एआय वापरून वेस्ट कमी केलं' म्हणाला की एवढंच विचारा, यंदा एकूण किती कपडे शिवले? हा आकडा बहुतेक ब्रँड सांगत नाहीत.

आणि थोडं आपल्याबद्दल. एम आणि एल दोन्ही मागवायचे, एक ठेवायचा, एक रिटर्न. रिटर्न फ्री असला तरी तो कपडा टेम्पोतून फिरतो, पुन्हा पॅक होतो, आणि परत विकला जाईलच याची खात्री नसते. मात्र सगळा दोष आपला नाही. भारतीय शरीरांसाठी स्वतःचा साइझ चार्टच नव्हता, ब्रँड अमेरिकी-ब्रिटिश मापांत थोडा बदल करून वापरत आले. म्हणून 'निफ्ट'ने 'इंडिया साइझ' हा प्रकल्प घेतला. मुंबई, शिलाँगसह सहा शहरांत २५ हजारांवर लोकांची मापं थ्रीडी स्कॅनरने घ्यायची, असा तो बेत. ब्लॉकचेनइतकं चमकदार नाही हे, पण ब्रँडनी ती मापं खरोखर वापरली तर तुमच्या दारातून परत जाणारी पार्सलं कमी होतील.

तोवर घरात शिलाईच्या डब्यात इंचटेप असेल. चार्टमध्ये छाती-कंबर इंचात दिलेली असते, ऑर्डर करायच्या आधी एकदा मोजून घ्या.