रंकाळ्याचा कांठ आणि हातगाडीची भाकर

सुगी संपली, ऊस तुटून गेला, हातांत चार पैसे आले, कीं आमचा शेतकरी बायकापोरें घेऊन कोल्हापुरास येतो. अंबाबाईचें दर्शन, महाद्वार रोडवर खरेदी आणि दिवस कलतां कलतां रंकाळा, हा त्याचा ठरलेला क्रम. आम्हांस त्यांत कांहीं वावगें दिसत नाहीं. बारा महिने चिखलांत राबणाऱ्यानें एक सांज पाण्याकांठच्या वाऱ्यावर घालविली तर ती चैन नव्हे. पोरांना भेळ, म्हातारीला कणीस, पाण्यांत उभा संध्यामठ आणि पलीकडे 1931 ते 1934 या सालांत बांधलेला शालिनी पॅलेस. इतकें सुख इतक्या स्वस्तांत देणारी दुसरी जागा आम्हांस ठाऊक नाहीं.

पण शहाण्यासुरत्या मंडळींच्या तोंडून हल्लीं एक तक्रार ऐकूं येते. म्हणे, या हातगाड्यांनीं चौपाटीचा उकिरडा केला. त्या हलवा, म्हणजे रंकाळा शोभिवंत दिसेल. वाचकहो, रंकाळ्याचें पाणी नासलें तें भेळेच्या कागदानें, कीं शहराच्या नाल्यांनीं? जलपर्णी पोसते ती सांडपाण्यावर. शेतकऱ्याला हें शिकवावें लागत नाहीं; खत जास्त पडलें कीं तण माजतें, हें तो रोज पाहतो. आणि तें सांडपाणी कांहीं एकट्या गाडीवाल्याच्या मोरींतून येत नाहीं. उलट पाण्याला वास सुटला, कीं गिऱ्हाईक नाकाला पदर लावून निघून जातें आणि पहिला उपास त्याच्याच घरीं पडतो. गाडीवाल्यांनीं आपला कचरा टोपलींत टाकलाच पाहिजे, हेंहि आम्ही त्यांना तोंडावर सांगतों. पण नाल्याचा दंड गाडीनें कां भरावा?

हा गाडीवाला तरी कोण? वांटण्या होतां होतां ज्याच्या वांट्याला नुसता बांध उरला तो धाकटा भाऊ, धंदा बुडालेला कारागीर, पदरीं लेकरें घेऊन उरलेली बाई. आपल्यापैकींच आहेत हीं माणसें. असल्या लहान दुकानाची किंमत काय असते, हें कोल्हापुराला निराळें सांगावें लागूं नये. शाहू महाराजांच्या पदरीं चाकरीस असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली. महाराजांनीं नुसता धीर देऊन त्यांची बोळवण केली नाहीं. स्वतंत्र धंदा करण्यास सांगून मदत दिली आणि कांबळ्यांनीं भाऊसिंगजी रोडवर चहाचें हॉटेल काढलें. वरच्या म्हणविणाऱ्या जातींचें गिऱ्हाईक तेथें फिरकेना, तेव्हां महाराज स्वतः तेथें थांबून, बरोबरच्या मंडळींसह चहा घेऊं लागले. सार्वजनिक ठिकाणीं शिवाशीव पाळूं नये, असे हुकूम 1919 सालीं निघालेच. पण त्या चहाच्या कपानें केलेलें काम हुकुमाहून कमी नव्हतें.

आज महाराज नाहींत, पण कायदा आहे. 2014 सालीं केंद्रांत पथविक्रेत्यांचा कायदा झाला. आधीं सर्व विक्रेत्यांची पाहणी करावी, त्यांना दाखले द्यावे, आणि तें पुरें होईतों कोणास उठवूं नये, असें तो म्हणतो. पुढें जागा बदलावयाची झाली तरी 30 दिवसांची नोटीस हवी. शहरांतील पथविक्रेता समितींत निदान 40 टक्के सभासद विक्रेत्यांनीं निवडून दिलेले पाहिजेत आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया पाहिजेत. हें सारें किती जणांस ठाऊक आहे? शिटी वाजली कीं गाडी ढकलीत गल्लींत शिरणें, एवढाच कायदा आमच्या लोकांनीं पाठ केला आहे!

आतां दोन शब्द रंकाळा पाहावयास येणाऱ्या आमच्या मंडळींस. इटलीच्या प्रादा कंपनीनें जून 2025 मध्यें मिलान शहरीं कोल्हापुरी घाटाच्या चपला मिरविल्या, आणि इकडे ओरड झाल्यावर त्या घाटाचें मूळ कबूल केलें. तेव्हां आपणां सर्वांची छाती फुगली. तीच चपल महाद्वारावर घेतांना मात्र आपण पन्नास रुपयांसाठीं तास घालवितों, आणि रंकाळ्यावर येऊन भेळवालीकडून फुकटचे चिरमुरे मागतों. गुळाचा भाव व्यापाऱ्यानें पाडला कीं आपल्या पोटांत कसें होतें, तें त्या वेळीं कां आठवत नाहीं?

यंदा रंकाळ्यावर जाल तेव्हां पुरते पैसे द्या, आणि पुडा हातांत घेतांना सहज विचारा, "बाई, तुमची पाहणी झाली का? दाखला मिळाला का?" नसेल मिळाला, तर शेजारच्या चार गाड्या मिळून महापालिकेंत लेखी अर्ज द्या म्हणावें. आणि अर्जाची पोंच हातांत पडल्याशिवाय खिडकी सोडूं नका, हेंहि सांगा.