विश्लेषण : कंपनीचा ग्राहक-डेटा संशोधकांना कोणत्या अटींवर मिळतो?

पुण्यातील गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये देशातील दारिद्र्याचा हिशेब मांडला, तो राष्ट्रीय नमुना पाहणीच्या सरकारी आकड्यांवरून. आज कुटुंबे कशावर किती खर्च करतात हे अभ्यासायचे, तर पीएचडीच्या विद्यार्थ्याला अनेकदा खासगी कंपनीच्या परवान्यावर अवलंबून राहावे लागते. त्यातच नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण नियम अधिसूचित केले. म्हणजे आता कायदाही पाहायचा आणि करारपत्रही. अडचण कायद्यापेक्षा करारपत्राची अधिक आहे.

खासगी डेटाची वेळ का आली?

२०११-१२ नंतरची खर्च पाहणी २०१७-१८ मध्ये झाली, पण गुणवत्तेचे कारण देत केंद्राने २०१९ मध्ये तिचा अहवाल रोखला. पुढची पाहणी थेट २०२२-२३ ची. मधल्या काळात संशोधक वळले ते मुंबईच्या ‘सेंटर फॉर मॉनिटरिंग इंडियन इकॉनॉमी’ म्हणजे सीएमआयईकडे. या संस्थेची ‘कन्झ्युमर पिरॅमिड्स’ पाहणी २०१४ पासून सुरू आहे. सुमारे पावणेदोन लाख कुटुंबांच्या नमुन्याकडे ती वर्षातून तीनदा जाते.

कायदा काय म्हणतो?

२०२३ च्या कायद्याच्या कलम १७ मध्ये संशोधन आणि सांख्यिकीला सूट आहे. अट अशी, की त्या माहितीवरून विशिष्ट व्यक्तीबाबत निर्णय घ्यायचा नाही. म्हणजे खर्चाचा कल शोधता येईल. त्याच नोंदीवरून एखाद्याचे कर्ज नाकारले, तर सूट गेली. शिवाय गरजेपुरतीच माहिती वापरणे, ती सुरक्षित ठेवणे आणि काम संपल्यावर न बाळगणे ही नियमांतील मानके पाळावी लागतील. या तरतुदी लागू व्हायला अधिसूचनेपासून १८ महिने, म्हणजे मे २०२७ उजाडेल.

मग अडते कुठे?

कायदा पाहतो तो व्यक्तीचा खासगीपणा. निष्कर्ष पडताळता येतो का, हा त्याचा विषयच नाही. डेटाच्या व्यावसायिक परवान्यांत साधारणपणे तक्ते, आलेख छापण्याची मुभा असते; कच्ची फाइल दुसऱ्याला देण्याची नसते. वापर ठरावीक संस्थेपुरता आणि मुदतीपुरता. विद्यार्थी संस्थेतून बाहेर पडला किंवा वर्गणीचे नूतनीकरण झाले नाही, की स्वतःचाच तक्ता पुन्हा तपासणे कठीण. परीक्षकाकडे परवाना नसेल तर त्याने प्रबंधावर विश्वासच ठेवायचा! अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूसारखी नियतकालिके लेखासोबत डेटा आणि कोड मागतात; मालकीचा डेटा असेल तर तो कसा मिळवायचा, एवढे तरी लिहून द्यावे लागते.

पडताळणी किती महत्त्वाची, हे २०२१ मध्ये दिसले. ‘कन्झ्युमर पिरॅमिड्स’च्या नमुन्यात गरीब कुटुंबे कमी पडतात, असा आक्षेप ज्याँ द्रेझ आणि अनमोल सोमंची यांनी घेतला. सीएमआयईचे महेश व्यास यांनी त्याला जाहीर उत्तर दिले. पुढच्याच वर्षी जागतिक बँकेच्या संशोधकांनी हाच डेटा वापरला, पण भारांकात दुरुस्ती करून. आक्षेप घ्यायला असो वा दुरुस्ती करायला, नोंदी हाती असाव्या लागतात. सरकारी पाहणीच्या नोंदी सांख्यिकी मंत्रालय विनाशुल्क देते. खासगी पाहणीच्या नोंदींसाठी आधी ग्रंथालयाच्या तरतुदीत वर्गणी बसावी लागते.